जुलाब लागले की पहिल्या तासात काय करायचं: कोकणात नव्याने राहायला आलेल्यांसाठी

गावचं बंद घर उघडून कायमचं राहायला येणारी कुटुंबं आमच्याकडे आता बरीच दिसतात. कुणी निवृत्त होऊन येतं, कुणाची शाळेवर बदली होते, कुणी होमस्टे सुरू करतं. मी सिंधुदुर्गात उपकेंद्रावर नर्स म्हणून अनेक वर्षं काम केलं. अशा नव्या घरांतून पहिल्या पावसाळ्यात एक फोन ठरलेला असे: "सिस्टर, सकाळपासून बाळाला सात-आठ वेळा झालंय, कुठली गोळी देऊ?" मी उलट विचारायची, "त्याला आतापर्यंत प्यायला काय दिलंत?" बहुतेक वेळा उत्तर यायचं, "काहीच नाही, पोटात ठरत नाही म्हणून." जीव धोक्यात येतो तो इथे. जुलाबाने शरीरातलं पाणी आणि मीठ निघून जातं आणि ते वेळेत परत गेलं नाही तर माणूस दगावतो. ते परत घालण्याचं काम घरातच, पहिल्या जुलाबापासून सुरू करता येतं. वाडी डोंगरावर, वहाळाला पूर आणि दवाखाना पंधरा-वीस किलोमीटरवर असेल तर ते तुम्हालाच करावं लागतं.

आधी ओळखा

दिवसभरात तीन किंवा त्याहून जास्त वेळा पाण्यासारखं पातळ झालं तर ते जुलाब. फक्त अंगावर पिणारं बाळ दिवसातून पाच-सहा वेळा पिवळी, मऊ शी करतं, ते जुलाब नव्हेत. तिथे नेहमीपेक्षा काय बदललं ते पाहायचं. शौचातून शेंब आणि रक्त पडत असेल, पोटात मुरडा येत असेल तर त्याला आव म्हणतात. आव पडली तर घरच्या उपायांवर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा. तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे, गढूळ पांढरट जुलाब भराभर होत असतील तर कॉलऱ्याची शंका घ्यायची. त्यात धडधाकट माणूससुद्धा काही तासांत कोसळतो, म्हणून तिथे ओआरएस (पुडीतल्या मीठ-साखरेचं पाणी) पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.

पहिला तास: पाणी, मीठ, साखर

ओआरएसची पुडी घरात आधीपासून असू द्या. आशाताईंकडे आणि उपकेंद्रात ती फुकट मिळते, मेडिकलमध्येही मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीलिटरसाठी. पुडीवर लिहिलेलं वाचा आणि पूर्ण पुडी तेवढ्याच पाण्यात विरघळवा. एक लिटर मोजायला पाण्याची रिकामी बाटली धुऊन वापरली तरी चालते. पेल्यात थोडी पावडर टाकून 'कडक' ओआरएस पाजणारे मी पुष्कळ पाहिले. असं दाट पाणी आतड्यात गेलं की ते शरीरातलंच पाणी आत ओढून घेतं, जुलाब वाढतात आणि लहान मुलाच्या रक्तात मीठ धोक्याच्या पातळीला जातं. फार पातळ केलं तर मीठ पुरत नाही. बनवलेलं पाणी झाकून ठेवा, चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या आणि नवीन करा.

हे साधं पाणी एवढं काम कसं करतं? लहान आतड्याच्या अस्तरात साखर आणि मिठातलं सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी ओढलं जातं. जुलाब जोरात चालू असतानाही हा दरवाजा बहुतेक उघडा असतो. नुसतं पाणी दिलं तर ते पुरेसं शोषलं जात नाही, नुसतं गोड दिलं तर उलट जुलाब वाढतात. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पुड्या बांधून पाणी पाजायला सुरुवात केली. पाजायला होते रुग्णांचेच नातेवाईक. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. मी हे आयांना मुद्दाम सांगायची, कारण पाणी पाजण्याला 'खरा उपचार' मानायला घरात कुणी तयार नसे.

पुडी नसेल तर घरी करा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा बोटाने सपाट करून घ्या, शीग नको. चव घेऊन पाहा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि पुन्हा करा.

किती द्यायचं? प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलीलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलीलिटर. त्यापुढच्यांना हवं तितकं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्याने परत सुरू करा.

चमच्याने पाजणं म्हणजे काय ते एकदा नीट सांगते. एका जुलैत डोंगरावरच्या एका घरात दीड वर्षाचा मुलगा सकाळपासून जुलाबाने हैराण होता. वहाळ चढलेला, गाडी पलीकडे. मी साकवावरून चालत गेले. मूल पडवीत आईच्या मांडीवर किरकिरत होतं, डोळे आत गेलेले, रडताना पाणी येत नव्हतं. पण पेला दिसला की ते त्यावर झडप घालत होतं. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडली, ती लगेच सपाट झाली नाही, जरा रेंगाळली. म्हणजे पाणी कमी झालेलं होतं, पण मूल शुद्धीवर होतं आणि पीत होतं. आजी म्हणाली, "तेका पाणी देव नको गो, आणखी जुलाब होतले." मी आजीलाच चमचा दिला. दर एक-दोन मिनिटांनी एक चहाचा चमचा, मध्ये खंड नाही. पाच मिलीलिटरचा चमचा या गतीने गेला तर तासाला दीडशे ते तीनशे मिलीलिटर होतात, आणि पेल्याने घटाघटा पाजलं की जी उलटी होते ती होत नाही. आजीने एक वेळ ओकारी आल्यावर दहा मिनिटं थांबून परत हात चालू ठेवला. तासाभरात मूल शांत झालं, दुपार उतरायच्या आत त्याने आजीच्या लुगड्यावर मुतलं. आजीने ते लुगडं मला उचलून दाखवलं. जुलाब पुढे दोन दिवस चालू होते, पण मूल खेळत होतं.

आजींची भीती खोटी म्हणून उडवून लावू नका. पाणी दिलं की लगेच शौच झालेली त्यांनी खरंच पाहिलेली असते. पोटात काही गेलं की आतडं हलतं, म्हणून तसं होतं. जाणारं पाणी थांबवता येत नाही, पण त्यापेक्षा जास्त आत घालता येतं, एवढं त्यांना शांतपणे सांगा आणि पाजायचं काम त्यांच्याच हाती द्या.

बाजारातल्या टेट्रापॅकबद्दल एक सूचना. फळांच्या चवीची गोड पेयं बरीच वर्षं ओआरएसच्या नावाने विकली जात होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात आणि लेबलवर तो शब्द वापरायला मनाई केली. खऱ्या ओआरएसच्या पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख असतो. कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस आणि गोडमिट्ट कोकम सरबत जुलाबात देऊ नका. शहाळ्याचं पाणी चालतं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं, पण सोडियम कमी असतं. ते ओआरएसच्या जोडीला द्यायचं, त्याच्या जागी नाही.

पोट उपाशी ठेवू नका

अंगावरचं दूध चालूच ठेवा, उलट जास्त वेळा पाजा. मोठ्या मुलाला आणि माणसाला उकड्या तांदळाची मिठाची पेज, मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, केळं. पेजेसारखं दुसरं काही नाही असं माझं मत. त्यात पाणी, मीठ आणि पिष्ट तिन्ही असतं, चुलीवर उकळलेली असते आणि आजारी मूलही ती नाकारत नाही. नारळाच्या रसातली सोलकढी, तळलेले मासे, फणसाचे गरे दोन-चार दिवस बाजूला ठेवा. बरं झाल्यावर मुलाला दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या, कारण झालेली झीज तेव्हाच भरून निघते.

औषधं: थोडी, आणि विचारून

पाच वर्षांखालच्या मुलांना ओआरएससोबत झिंकची गोळी द्यायची असते. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलीग्रॅम, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलीग्रॅम, सलग १४ दिवस. चमच्यात आईचं दूध किंवा स्वच्छ पाणी घेऊन गोळी विरघळवा. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करा. आतड्याचं अस्तर त्याने सावरतं आणि पुढचे काही महिने जुलाब परत होण्याची शक्यता कमी होते. आशाताईंच्या पिशवीत ओआरएसबरोबर ही गोळीही असते, मागून घ्या.

जुलाब 'बंद करणारी' गोळी मुलांना देऊ नका. रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मोठ्यांनीही ती घेऊ नये. आतडं थांबतं, घाण आतच राहते. अँटिबायोटिकही स्वतःच्या मनाने नको. बरेच जुलाब विषाणूंचे असतात आणि त्यांच्यावर ती चालत नाही, शिवाय अँटिबायोटिकमुळेही जुलाब होतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन नव्याने सुरू झाली असेल तर जुलाब तिचेही असू शकतात. मधुमेही माणसाने जुलाबात ओआरएस टाळायचं नाही, साखर तपासत राहायची. लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वयस्क माणसाला जोरात जुलाब लागले तर त्या दिवशी गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा.

जायफळाचा उल्लेख केल्याशिवाय कोकणात हा विषय पुरा होत नाही. परसात झाड, सहाणेवर उगाळलं की बाळाला चाटण. बाळ गुंगीत पडतं, त्याला 'आराम पडला' समजतात आणि पाणी पाजणं थांबतं. जास्त झालं तर जायफळ विषारीही ठरतं. माझी विनंती आहे, आजारी बाळाला ते देऊ नका. 'दात येतायत म्हणून' हेही कारण सोडून द्या. त्या वयात मूल हाताला येईल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात.

घरी थांबू नका, निघा

यातलं एक जरी दिसलं तरी निघायचं: मूल मलूल होऊन पडलंय, हाक मारली तर नीट बघत नाही किंवा पिऊ शकत नाही. पोटावरची चिमटीत धरलेली कातडी सपाट व्हायला दोन सेकंदांपेक्षा जास्त घेते. सहा तासांत लघवी नाही. घेतलेलं सगळंच उलटून पडतंय. शौचातून रक्त. जोराचा ताप. पोट फुगून कडक झालंय. बाळाची टाळू आत गेलीय. दोन महिन्यांच्या आतलं बाळ, गरोदर बाई आणि फार वयस्क माणूस यांच्या बाबतीत ही लक्षणं दिसायची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा, गाडी जिथपर्यंत येऊ शकते ती जागा नक्की सांगा, आणि माणूस शुद्धीत असून गिळू शकत असेल तर वाटेतही ओआरएस चालू ठेवा. जुलाब चौदा दिवसांच्या वर गेले तर तो वेगळा आजार समजून तपासणी करून घ्या.

कशाने झालं?

तब्येत सावरली की याचा विचार करा, कारण तेच परत होऊ शकतं. घड्याळ बरंच सांगतं. जेवल्यावर एक ते सहा तासांत, एकाच पंगतीतल्या चार-पाच जणांना उलट्या सुरू झाल्या, तर अन्नात आधीच तयार झालेलं विष असतं. सकाळी शिजवून दुपारभर तसाच राहिलेला भात, हाताला फोड असलेल्याने वळलेली दुधाची मिठाई, ही नेहमीची कारणं. गणपतीत घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, नैवेद्याचं पान वाढून आरत्या संपेपर्यंत उकाड्यात दोन-तीन तास जातात. ताजं करून लगेच वाढा, उरलेलं फ्रिजमध्ये ठेवा आणि काढल्यावर वाफ निघेपर्यंत गरम करा. अर्ध्या दिवसानंतर ते दोन-तीन दिवसांनी त्रास सुरू झाला तर बहुधा जंतूंची लागण असते, आणि तिची वाट पाणी, हात, माशी यांतून जाते. मुलांमध्ये रोटाव्हायरस पुष्कळदा असतो. त्याची लस सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडाने देतात, ती चुकवू नका.

मासळीचं वेगळं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते. बाजारात तेव्हा लांबून बर्फात आलेली मासळी असते, आणि वाडीतली माणसं खाडीतल्या तिसऱ्या-कालवं (खायचे शिंपले) आणि वलगणीच्या, म्हणजे पहिल्या पावसात वहाळातून वर चढणाऱ्या, माशांकडे वळतात. शिंपलेवर्गातला जीव पाणी गाळून जगतो, त्यामुळे पहिल्या पावसाने वाहून आलेली गावची घाण त्याच्या पोटात साठते. तिसऱ्या शिंप उघडेपर्यंत नव्हे, उघडल्यावर आणखी चार-पाच मिनिटं उकळा. न उघडलेल्या टाका. बांगडा किंवा कुपा (ट्यूना) बर्फाशिवाय उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं ठणकतं, जुलाब होतात. शिजवल्याने किंवा तळल्याने ते जात नाही. श्वास लागला तर १०८.

आणि सगळ्यांत मोठं कारण विहीर. जांभा दगड स्पंजासारखा सच्छिद्र असतो. पहिल्या मोठ्या पावसात अंगणातलं, गोठ्यातलं, शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून उतरत विहिरीत येतं. विहीर आणि शौचालयाचा खड्डा यांत निदान १५ मीटर अंतर हवं असं सांगतात. उतारावर, जांभ्यात मी त्याहून जास्त ठेवायला सांगेन, आणि खड्डा कधीही विहिरीच्या वरच्या अंगाला नको. पाणी नितळ दिसतं म्हणून शुद्ध असतं असं नाही. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. यूव्ही फिल्टर वीज गेली की काम करत नाही आणि आमच्याकडे पावसात वीज जातेच. पिण्याचं पाणी उकळा. खळखळून एक मिनिट उकळी पुरते, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. मग त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि ओगराळ्याने काढा, हात बुडवू नका. शौचानंतर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा. बाळाची शी निरुपद्रवी असते असा समज आहे. ती मोठ्यांच्या शौचाइतकीच जंतूंची असते, शौचालयातच टाका, परसात नको.

वाडीत दोन-तीन घरांत एकदम जुलाब लागले तर त्याच दिवशी आशाताईंना किंवा उपकेंद्राला कळवा. त्या पाण्याचा नमुना घेतात, ओटी टेस्टने (पाण्यात थेंब टाकून रंग बघायची चाचणी) क्लोरीन तपासतात, आणि ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक सार्वजनिक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो. स्वतःच्या विहिरीत मात्र तुम्हालाच टाकावं लागतं. विहिरीतलं पाणी आधी मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, त्याला ३.१४ ने गुणून ४ ने भागा, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरात येतं, एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. हजार लिटरला साधारण पाच ग्रॅम टीसीएल. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत दोन मीटर पाणी असेल तर १४ हजार लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात पावडर कालवून पातळ करा, दहा मिनिटांत चुना तळाला बसेल. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या, ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली हलवा. चुना विहिरीत टाकू नका. निदान तासभर पाणी काढू नका, रात्री टाकलेलं उत्तम. तोंड उघडं राहिलेल्या जुन्या पिशवीतल्या पावडरीत क्लोरीन उरलेला नसतो, ताजी घ्या.

मेमध्ये दोन मीटर असलेली हीच विहीर जुलैत पाच मीटर भरते आणि पावडर १७५ ग्रॅमच्या आसपास लागते. म्हणून दोरीला तळाशी दगड बांधून दर मीटरला एक गाठ मारा, ती दोरी रहाटालाच टांगून ठेवा, आणि प्रत्येक गाठीला किती ग्रॅम ते पडवीच्या भिंतीवर खडूने लिहा.